पाऊस झाला, पण कोणता?

चातुर्मास जवळ आला की कराडसारख्या पेठेतील बी-बियाण्यांच्या व भुसार मालाच्या पेढ्यांवर वर्षातील सर्वांत धावपळीचे दिवस सुरू होतात. अशाच एका पेढीवरील जूनच्या तिसऱ्या आठवड्यातील ही सकाळ. दुकान उघडून तास उलटला नव्हता, तोच तीन फोन आले.

पहिला कोयनानगरकडचा. "शेठ, चार दिवस झड लागलीय, उघडीप म्हणून नाही. भाताची रोपं वर आलीत. खताची गाडी आजच पाठवा." दुसरा दहिवडीजवळच्या एका गावातून. "काल दुपारी तासभर असा कोसळला की ओढ्याला पाणी आलं! बाजरीचं बियाणं उद्याच पाहिजे. पैसे सुगीला देतो." तिसरा फोन लातूरच्या व्याह्यांचा, त्यांचीही तिकडे बियाण्यांचीच पेढी. "आमच्याकडे अजून थेंब नाही. पण बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याचं छापून आलंय. सोयाबीनचं बियाणं आणखी उचलावं की थांबावं?"

नुकताच बी.कॉम. होऊन गादीवर बसू लागलेल्या नातवाने वहीत टिपण केले : कोयना, पाऊस झाला, दहिवडी, पाऊस झाला, लातूर, पाऊस नाही. आजोबांनी चष्म्याआडून ते वाचले आणि म्हणाले, "झाला हे समजलं. कोणता झाला, तेही लिही." नातू हसला. "आजोबा, पाऊस तो पाऊस. त्यात कोणता काय?"

नातवाचा प्रश्न वरकरणी बिनतोड आहे. आभाळातून पडणारे पाणी सर्वत्र सारखेच. मात्र ते पाणी आभाळात कोणत्या कारणाने तयार झाले, यावर तो पाऊस किती वेळ टिकणार, किती गावांवर पडणार, जमिनीत किती मुरणार आणि पुन्हा केव्हा येणार, हे सारे अवलंबून असते. व्यापाऱ्याची उधारी आणि शेतकऱ्याची पेरणी या दोहोंचे भवितव्यही त्यातच दडलेले असते.

मूळ कारण एकच

सर्व प्रकारच्या पावसाचे मूळ एकच आहे : बाष्पयुक्त हवा वर चढली पाहिजे. जमिनीलगतच्या हवेवर वरच्या संपूर्ण वातावरणाचा भार असतो. हवा वर जाऊ लागली की हा भार कमी होतो आणि ती प्रसरण पावते. प्रसरणासाठी लागणारी ऊर्जा ती स्वतःच्याच उष्णतेतून खर्च करीत असल्यामुळे थंड होत जाते. ढग बनण्यापूर्वी हे प्रमाण दर किलोमीटर उंचीला सुमारे १० अंश सेल्सिअस इतके असते. उष्ण हवेत जेवढे बाष्प सामावते तेवढे थंड हवेत सामावत नाही. त्यामुळे ठरावीक उंचीवर पोहोचताच जास्तीचे बाष्प मिठाच्या, धुळीच्या वा धुराच्या सूक्ष्म कणांभोवती जलकणांच्या रूपाने जमू लागते. हाच ढग होय.

बाष्पाचे पाणी होताना दर ग्रॅममागे सुमारे ६०० कॅलरी उष्णता मोकळी होते. समुद्राच्या पाण्याचे बाष्प होताना सूर्याने दिलेली ही ठेवच असते. ती आता ढगाला परत मिळते आणि हवेला आणखी वर जाण्यास बळ देते.

तथापि ढग म्हणजे पाऊस नव्हे. ढगातील जलकणाचा व्यास साधारणतः एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग असतो, तर पावसाच्या मध्यम थेंबाचा व्यास दोन मिलिमीटर. असा एक थेंब घडण्यासाठी सुमारे दहा लाख जलकण एकत्र यावे लागतात. हे दोन रीतींनी घडते. कमी उंचीच्या ढगांत मोठे जलकण खाली येताना लहान कणांना आपल्यात सामावून घेतात. उंच ढगांत हिमस्फटिक आसपासच्या जलकणांतील बाष्प ओढून वाढतात आणि खाली येताना वितळून थेंब होतात. पावसाळ्यात आपल्याकडे सुमारे पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंशावर येते. म्हणून ढगाचा माथा या रेषेच्या खाली राहिला की वर गेला, यावरही पावसाचा स्वभाव ठरतो.

हवा वर कशामुळे गेली, या एका प्रश्नाच्या तीन उत्तरांवरून पावसाचे तीन प्रमुख प्रकार मानले जातात. डोंगराने अडविली, उन्हाने तापली, किंवा कमी दाबाच्या केंद्राकडे ओढली गेली, ही ती तीन उत्तरे. शालेय पुस्तकांत त्यांना अनुक्रमे प्रतिरोध, आरोह आणि आवर्त पर्जन्य अशी नावे आहेत.

डोंगराचा पाऊस

कोयनानगरची झड हे प्रतिरोध पर्जन्याचे शुद्ध उदाहरण आहे. जूनमध्ये अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे बाष्पाने ओथंबलेले असतात. कोकणची अरुंद पट्टी ओलांडताच त्यांच्यापुढे सह्याद्रीचा सुमारे एक हजार मीटर उंचीचा कडा उभा राहतो. वाऱ्याला मागे फिरता येत नाही, कारण मागून येणारा वारा त्याला पुढे लोटत असतो. तो कडा चढतो, थंड होतो आणि आपले बाष्प तेथेच रिते करतो. कोयनेच्या खोऱ्यात वर्षाकाठी चार ते पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो याच कारणाने. १०५ टीएमसी साठवणक्षमतेचे कोयना धरण या कड्याच्या भरवशावर उभे आहे.

घाटमाथा ओलांडून वारा पूर्वेकडे उतरू लागला की सारी क्रिया उलटी होते. खाली येणारी हवा दाबली जाते, दाबली गेल्याने तापते आणि तिची बाष्प सामावण्याची क्षमता पुन्हा वाढते. ढग विरू लागतात. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो, तर अवघ्या १९ किलोमीटरवरील पाचगणीला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा मिळतो. आणखी पूर्वेला, माण तालुक्यातील दहिवडीच्या भागात, वर्षाची बेरीज पाचशे मिलिमीटरच्या आसपासच राहते. कोयनानगर आणि दहिवडी एकाच सातारा जिल्ह्यात आहेत आणि सरळ रेषेत त्यांच्यातील अंतर शंभर किलोमीटरही नाही. एकाला डोंगराने दिले, दुसऱ्याला त्याच डोंगराने नाकारले. या नाकारलेल्या प्रदेशालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

डोंगराच्या पावसाचा स्वभाव शांत आणि चिवट असतो. ढग फारसे उंच नसतात, विजा क्वचितच होतात, थेंब सहसा लहान ते मध्यम असतात. परंतु समुद्रावरून वारा वाहतो आहे तोवर पाऊस दिवसचे दिवस थांबत नाही. डोंगर जागचा हलत नसल्यामुळे हा पाऊस पुष्कळसा भरवशाचा असतो. त्याचा धोका कमतरतेपेक्षा अतिरेकाचा. ऑगस्ट २०१९ मध्ये घाटमाथ्यावरील सततच्या पावसाने कृष्णा व पंचगंगा फुगल्या आणि सांगली-कोल्हापूरच्या पेठांत पाणी शिरले. त्याच वेळी सांगली जिल्ह्याच्याच पूर्वेकडील जत-आटपाडीच्या भागाला मात्र टंचाईची झळ लागली होती.

उन्हाचा पाऊस

दहिवडीला तासभर कोसळला तो पाऊस निराळ्या घराण्याचा. मोसमी वाऱ्यांचा जोर अजून न पोहोचलेल्या भागात सकाळपासून ऊन पडते आणि माळराने तापतात. जमिनीलगतची हवा तापून हलकी होते आणि सरळ वर उसळते. हवेत पुरेसे बाष्प असले तर दुपारी दोन-तीनच्या सुमारास गोबीच्या गड्ड्यासारखे ढग दिसू लागतात आणि पाहता पाहता त्यांचे मनोरे बारा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत चढतात. त्यांचा वरचा भाग गोठणबिंदूच्या कितीतरी वर असतो. तेथे हिमकण एकमेकांवर आदळून विद्युतभार निर्माण होतो आणि विजा कडाडतात. वर ढकलणाऱ्या झोताने हिमकण पुन्हा पुन्हा उचलले गेले तर त्यांच्यावर बर्फाचे थर चढतात आणि गारा पडतात. वळवाचा पाऊस तो हाच.

या ढगाचा अंत त्याच्या स्वतःच्याच पावसाने होतो. कोसळणाऱ्या पाण्याबरोबर वरची थंड हवा वेगाने खाली येते. पावसाआधी अंगावर येणारा, मातीचा वास घेऊन येणारा गार वारा म्हणजे ही खाली आलेली हवा. ती जमिनीवर पसरते आणि ढगाला वर चढणाऱ्या उष्ण हवेचा पुरवठा तोडते. मूळ भांडवलच तुटल्यामुळे असा एकेकटा ढग बहुधा तासाभरात विरतो. त्याचा विस्तारही पाच-दहा किलोमीटरचा. एका शिवारात पाट वाहतात, तर शेजारच्या शिवारात धूळ उडत असते.

"ओढ्याला पाणी आलं" हे वाक्य शेतकरी आनंदाने सांगतो, ते स्वाभाविक आहे. परंतु ते वाक्य जमिनीच्या ओलीचा पुरावा नव्हे. पाणी जमिनीत मुरण्याच्या वेगापेक्षा पावसाचा वेग अधिक असला की उरलेले पाणी वाहून ओढ्याला जाते. ओढा भरून वाहिला, याचा अर्थ बरेचसे पाणी शेतातून निघून गेले. वरचे चार बोटे माती चिंब आणि खाली कोरडी, अशी स्थिती तेव्हा बहुधा आढळते. त्या वरच्या ओलीवर बी उगवते आणि पुढचा पाऊस लांबला की कोंब जळतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणीची घाई करू नये, असा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देतो, त्यामागील कारण हेच.

हा पाऊस केवळ उन्हाळ्याचा नव्हे. वातावरणात वर थंड आणि खाली उबदार-दमट हवा असा विजोड कधीही जमू शकतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेकडील पश्चिमी विक्षोभ आणि बंगालच्या उपसागरावरील बाष्प यांची गाठ पडली. महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर गारपीट होऊन गहू, हरभरा, द्राक्ष, डाळिंब यांची काढणीला आलेली पिके झोडपली गेली.

सागराचा फिरता पाऊस

लातूरच्या व्याह्यांचा प्रश्न तिसऱ्या प्रकारच्या पावसाचा आहे. मराठवाडा व विदर्भ यांच्यापर्यंत अरबी समुद्रावरील वारे पोहोचतात, परंतु बरेचसे बाष्प सह्याद्रीवर ठेवून. या प्रदेशांची मोठी भिस्त असते ती बंगालच्या उपसागरावर. पावसाळ्यात तेथे एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात. पूर्ण हंगामात त्यांची संख्या साधारणतः डझनभर असते. कमी दाबाकडे चहूबाजूंनी हवा धाव घेते. पृथ्वीच्या परिवलनामुळे ती सरळ केंद्रात न जाता उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत आत येते. आत आलेल्या हवेला जाण्यास वरच्याखेरीज दुसरी वाट नसते. शेकडो किलोमीटरच्या घेरात हवा एकाच वेळी संथपणे वर चढते, आभाळ एकसारखे भरून येते आणि दोन-तीन दिवस संततधार लागते. हा आवर्त पर्जन्य.

अशी क्षेत्रे बहुधा ओडिशाच्या किनाऱ्यावरून पश्चिम-वायव्येकडे सरकतात. त्यांचा मार्ग दोनशे-तीनशे किलोमीटर उत्तरेला सरकला तर पाऊस मध्य प्रदेशाला मिळतो आणि मराठवाड्यावर नुसतेच ढग तरंगत राहतात. कधी कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसतो. तेव्हा हिमालयाखाली पूर येतात आणि दख्खनमध्ये पावसाचा खंड पडतो. म्हणून या पावसाची बातमी खरी असली तरी ती आपल्या गावाची असेलच, असे नव्हे.

याच प्रकाराचे उग्र रूप म्हणजे चक्रीवादळ. २६ सप्टेंबर २०२१ रोजी 'गुलाब' हे चक्रीवादळ आंध्र प्रदेशाच्या उत्तर किनाऱ्यावर आले. किनाऱ्यावर त्याचा वारा मंदावला, परंतु बाष्प घेऊन त्याचे अवशेष तेलंगणमार्गे मराठवाड्यावर आले आणि काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले. तेच अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरले, तेथे पुन्हा बळ धरून त्यांचे 'शाहीन' चक्रीवादळ झाले आणि ते ओमानच्या किनाऱ्यावर धडकले.

त्याच मराठवाड्याने पाच वर्षांपूर्वी उलट चित्र पाहिले होते. २०१४ आणि २०१५ ही सलग दोन वर्षे देशभर पावसाची तूट दहा टक्क्यांहून अधिक राहिली आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. ते पाणी मिरजेहून गेले, म्हणजे कृष्णेचे. कृष्णेला ते मुख्यतः घाटमाथ्यानेच दिलेले. सागराच्या फिरत्या पावसाने दगा दिलेल्या शहराची तहान डोंगराच्या पावसाने सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतरावरून भागविली. पावसाच्या प्रकारांतील भेद इतका व्यावहारिक आहे.

मोजमाप आणि त्याची मर्यादा

निसर्ग हे तीन प्रकार नेहमीच वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि वीस-बावीस किलोमीटरवरील कुलाब्याला जेमतेम ७३. त्या दिवशी समुद्रावरचा जोरदार वारा, जवळचे डोंगर आणि उंच वाढलेले गडगडाटी ढग या सर्वांची एकत्र गाठ पडली होती. तरीही मुख्य कारण कोणते, हे पाहण्याची सवय उपयोगी पडते, विशेषतः मोजमापाच्या बाबतीत.

प्रदेशागणिक पावसाचे मान वेगळे धरावे, ही दृष्टी आपल्याकडे जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पावसाचे मान द्रोणांत दिले असून अवंतीसाठी ते २३ द्रोण सांगितले आहे, अश्मकासाठी त्याहून बरेच कमी, तर अपरांत म्हणजे कोकणासाठी ते अमित, मोजमापापलीकडचे, म्हटले आहे. राज्याची सरासरी काढून तीवर शेतसाऱ्याचा हिशेब बसविता येत नाही, हे त्या ग्रंथकाराने ओळखले होते.

आज महसूल मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे पाऊस मोजतात. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी मानण्याचा प्रघात आहे. एका मंडळात अनेक गावे येतात. आवर्त पावसात एका केंद्राची नोंद सर्व गावांना बऱ्यापैकी लागू पडते, कारण ढग साऱ्या मुलखावर असतो. वळवाच्या पावसात मात्र केंद्रावर पाच मिलिमीटर आणि चार किलोमीटरवरील बागेत ऐंशी, असे सहज घडते. नुकसान खरे आणि नोंद कोरी, अशी अडचण उभी राहते. म्हणून अशा नुकसानीत पंचनामा, छायाचित्र आणि विमा कंपनीला मुदतीत दिलेली सूचना यांचे महत्त्व नोंदीइतकेच आहे. ज्या कुटुंबांची शेतीही आहे आणि पेढीही, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पुन्हा पेढीवर

आजोबांनी तिन्ही ठिकाणी उलट फोन केला. कोयनेच्या शेतकऱ्याला त्यांनी सांगितले की गाडी आज निघेल, पण युरिया मात्र उघडीप मिळाल्यावरच टाकावा. झडीत टाकलेले खत पाण्याबरोबर ओढ्याला जाते. लातूरच्या व्याह्यांना ते म्हणाले, "पट्टा झालाय, पण तो कोणत्या वाटेनं जाणार ते ठरायचंय. आहे तो माल परत करू नका आणि नवाही उचलू नका. दोन दिवस हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज बघा."

दहिवडीचा फोन सर्वांत अवघड होता. "बियाणं बांधून ठेवतो," आजोबा म्हणाले, "भावही आजचाच धरतो. पण उद्या नको. आधी कुदळीनं खणून बघ, ओल वीतभर खाली गेलीय का? शेजारच्या गावात पाऊस झालाय का, तेही विचार. एका दुपारच्या पावसावर पेरू नकोस." पलीकडे काही क्षण शांतता होती. मग "बघतो, शेठ," एवढेच उत्तर आले आणि फोन बंद झाला.

"आजोबा, तो दुसऱ्या दुकानातून घेईल," नातू म्हणाला.

"घेईलही. आपली एक विक्री जाईल. पण पेरणी उलटली तर त्याला दुसऱ्यांदा बियाणं लागेल आणि तेही उधारच. सुगीला एका पिकातून दोन बियाण्यांचे पैसे तो कुठून देणार? तो बुडाला तर आपली उधारीही बुडाली. आणि तो बुडावा असं आपल्याला का वाटावं?"

नातवाने वही पुढे ओढली. कोयनेपुढे त्याने लिहिले, डोंगराचा. दहिवडीपुढे, वळवाचा, ओल पाहणे. लातूरपुढे, समुद्राचा, वाट पाहणे. आजोबांनी मान डोलावली आणि दिवाणजींना खताची गाडी भरण्यास सांगितले. संध्याकाळी दहिवडीच्या शेतकऱ्याचा पुन्हा फोन आला. त्याने खणून पाहिले होते. ओल चार बोटांखाली गेलेली नव्हती, आणि पलीकडच्या गावात तर धूळच होती. बियाणे बांधून ठेवा, दुसरा पाऊस झाला की येतो, असे त्याने कळविले.